न टेकलेला पाय

"आक्का, घाल पाय. आणि जोरात घाल, माया करू नकोस."

मालन माझ्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पालथी पडली होती. उंबऱ्यात माग दुरुस्त करणारा शिवा जॉबर कंबर धरून आपल्या पाळीची वाट बघत उभा होता आणि त्याच्यामागे समोरच्या घरातली पारूबाई. रविवारची सकाळ होती.

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे समजूत अशी, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते. आणि इचलकरंजीत कंबर धरून चालणाऱ्यांना तोटा नाही. कुणाला सुताचा जड बीम उचलताना भरते, कुणाला मागावर वाकून तुटलेले धागे जोडताना, तर बायकांना दिवसभर कांडी मशीनपुढं बसून सूत गुंडाळताना. मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. आठवडाभर पाढे आणि शुद्धलेखन करून जीव शिणलेला असायचा. रविवारी जरा पडावं म्हटलं तर दारात माणसं. नाही म्हणायचाही कंटाळा यायचा, म्हणून पाय लावायची. एक हात भिंतीला आणि डावा पाय कमरेवर हलकेच तीनदा. माझा त्यावर फारसा विश्वास नव्हता. पण माणूस हसत उठायचा, आणि हसला की आखडलेली पाठ थोडी सैल पडत असावी.

"बाई पोरांना छडी मारत नाहीत, ती सगळी कसर रविवारी मोठ्यांवर काढतात," अशी गल्लीत थट्टा होती. ती मुळात मालनचीच. माझी धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडं दिलेली. या प्रकाराला ती आयुष्यभर हसली. "पायानं बरं होत असतं तर डॉक्टर हात कशाला धुतात?" म्हणायची. तीच आज निरोप न देता आली आणि सगळ्यांदेखत पालथी पडली.

"कधी भरली गं?" मी विचारलं.

"कांडी भरताना भरली." ती दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "पारूबाई, ऐकलंस का? मलाबी उसण भरली!"

"आलीस ना शेवटी बाईंच्या पायाखाली! लई हसत होतीस आम्हाला."

"म्हणून तर देवानं धाडलं."

शिवा हसला आणि कळ आली म्हणून पुन्हा कंबर धरून उभा राहिला.

पाय लावण्याआधी मी नेहमी हात फिरवून बघायची. कुठं सूज असेल तर तिथं पाय नको. मालनच्या पाठीच्या कण्यावरून मी अंगठा वरून खाली नेला. खांद्याच्या फऱ्यांच्या जरा खाली, एका मणक्यावर अंगठा आला आणि तिनं सतरंजीचा काठ दातात धरला. उसण भरली की कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस दगडासारखं लागतं. मालनचं मांस मऊ होतं. दुखत होतं ते हाडात.

मी भिंतीला हात लावला आणि पाय उचलला. तो खाली जाईना. का, ते तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं.

"बाई, दमलात काय?" शिवानं विचारलं.

दारातल्यांना माझी पाठ आणि पदर एवढंच दिसत होतं. मी पाय मालनच्या कमरेशेजारी सतरंजीवर टेकवला. तीनदा. तिच्या अंगाला माझ्या लुगड्याची किनारसुद्धा लागली नाही.

"झालं. ऊठ."

वाटलं, आता म्हणेल, आक्का, फसवतीस होय? काही सोडून देणाऱ्यातली ती नव्हती. पण ती कोपरांवर जोर देऊन सावकाश उठली आणि दाराकडं हसरं तोंड करून म्हणाली, "आहाहा! मोकळं झालं बघ. उगाच इतकी वर्षं टिंगल केली."

पारूबाईनं टाळी वाजवली. शिवा म्हणाला, "बाई, मग माझ्यावर जरा जास्त वेळ ठेवा." मालन चौकट धरून पायरी उतरली आणि गेली.

शिवाला पाय लावला, पारूबाईला लावला. माझं कशातच लक्ष नव्हतं. उन्हं चढल्यावर मी तिच्या घरी जायला निघाले, तर कोपऱ्यावरच्या नळापाशी रस्त्याच्या मधोमध एक चप्पल पडलेली. डाव्या पायाची, अंगठ्याला निळा दोरा बांधून दुरुस्त केलेली. मालनची. चैत्रातली सडक तापून निघाली होती. बाई एका पायात चप्पल घालून घरी गेली होती.

मालनच्या दारात तिचा नवरा, महादेव दाजी, कारखान्याच्या पाळीला निघाले होते. मला बघून खूश झाले.

"या आक्का! पाय कामाला आला म्हणायचा. वाटेवरच्या चार घरांत सांगत आलीया."

"आहे ना आत?"

"आहे. बसलीया. मी येतो, चहा घेऊन जावा." ते गेले.

मालन कांडी मशीनशेजारी भिंतीला उशी लावून बसली होती. मी चप्पल तिच्यापुढं ठेवली.

"ही कुठं सापडली?"

"नळापाशी. सुटलेली कळली नाही तुला?"

तिनं पाय वळवून तळवा बघितला. काळा झाला होता. खडा रुतून थोडं रक्तही आलं होतं. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी ती बघत राहिली.

"नाही कळली," ती म्हणाली.

"मालन, मी पाय लावलाच नव्हता."

"माहीत आहे मला."

शेजारच्या शेडमधले माग खटाखट चालले होते. तिच्या घरात बोलताना नेहमीच जरा मोठ्यानं बोलावं लागे.

"आडवी का होत नाहीस?"

"आडवं झालं की वाढतं. अशीच टेकून झोपते. पाठीकडनं छातीपर्यंत ओल्या दोरीनं आवळल्यागत होतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि कांडी भरताना भरली म्हणून सांगतीस?"

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "तुला ठाऊक आहे हे काय आहे. म्हणून तर पाय टेकला नाहीस."

सहा वर्षांपूर्वी मिरजेला तिचं ऑपरेशन झालं होतं. छातीत गाठ निघाली, उजवा स्तन काढला, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. सुरुवातीला तपासायला जायची, तेव्हा पाठ दुखली, पाऊल लुळं पडलं किंवा लघवी अडली तर लगेच या, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं; मग जाणं विरळ झालं. किडका दात काढून टाकावा तसं आम्ही सगळ्यांनी ते काढून टाकलं असं धरलं. त्या आजाराचं नावही घरात घेत नसू. 'ते' म्हणायचो.

"मग बोलली का नाहीस? निदान मला?"

"बोलले असते तर काय झालं असतं? तूच सांग." तिनं उशी सरकवली, बसण्याची बाजू बदलली. "उसण म्हटलं की माणसं हसतात. चार उपाय सांगतात, वर कामालाही लावतात. आणि ते म्हटलं की काय करतात, बघितलंयस तू. दारात आले की आवाज बारीक. 'तू बस, तू बस.' सगळे तेच. तूसुद्धा. बसून बसून मी माझ्या घरात पाहुणी झाले, आक्का. ह्यांनी माझ्याशी भांडायचंसुद्धा सोडलं होतं. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता तो."

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"म्हणून आले सगळ्यांदेखत. तुझ्या पायाचं नाव झालं की दोन महिने कुणी विचारणार नाही. मला अजून थोडी उसणवालीच राहू दे की गं."

तिचं म्हणणं मला पटत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. शाळेत असं पोर मी पाहिलेलं होतं, ताप लपवून वर्गात बसणारं. घरी पाठवलं की खेळ बुडेल म्हणून.

"दोन महिने तुझ्याकडं नाहीत," मी म्हणाले. "ऊठ. टाचांवर चालून दाखव."

"शाळा आहे काय ही?"

"ऊठ म्हणते ना."

ती मशीन धरून उठली. उजवी टाच टेकली. डावं पाऊल वर उचलेना, फरशीवर चपक्कन पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिनं केलं नाही.

"लघवीला त्रास होतो?"

तिनं मान वळवली. "वेळ लागतो. कालपासून."

"आज जायचं मिरजेला. आत्ता."

"उद्या जाऊ. ह्यांना आज सांगायचं जिवावर येतं."

"मी सांगते."

ती मशीन धरून परत खाली बसली. मग म्हणाली, "चल. पण एक कर. ते तोंड करायचं नाही. तेव्हाचं. तुझं तोंड बघितलं की मला माझीच दया यायची."

दाजींना कारखान्यातनं बोलावून आणलं. केसांत कापसाचे तंतू, हातात पुसायचं फडकं. मी सांगत होते आणि ते मालनकडं बघत होते.

"पण उसण उतरली ना?" त्यांनी विचारलं.

"उसण नव्हतीच, दाजी."

ते कांडी मशीनच्या फळीवर बसले. थोड्या वेळानं उठून ओळखीच्या माणसाचा टेम्पो आणायला गेले. मागं गादी टाकून तिला सपाट निजवलं. खड्डा आला की ती माझं मनगट आवळायची. वाटभर आम्ही खड्ड्यांशिवाय कशाबद्दलच बोललो नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर मगदूम नावाची तरुण बाई होती. तिनं पाठीचे फोटो काढवले आणि दिव्यावर लावून दाखवले. मणके एकावर एक डब्यांसारखे रचलेले, त्यातला एक डबा पुढच्या बाजूनं चेपलेला. "कॅन्सर हाडात उतरलाय. हा मणका आतनं पोकळ होऊन बसलाय, मागं मज्जारज्जू आहे त्याला दाबतोय. सूज कमी करायचं इंजेक्शन आत्ता देते. रेडिएशन लगेच सुरू करू." मग आम्हा दोघांना बाजूला घेऊन म्हणाली, "माणूस जेवढी पायांची ताकद घेऊन येतो, साधारण तेवढीच राखता येते. गेलेली परत आणणं अवघड. ह्या अजून पाय हलवतायत, म्हणून आशा आहे."

मालनलाही तिनं समजावलं. चांगलं समजावलं, पण तिच्यामागं पेशंटची रांग होती. ती गेल्यावर मालन म्हणाली, "मला काही कळलं नाही. छातीतलं पाठीत गेलं कसं? चौथीच्या पोरीगत सांग."

मी व्हरांड्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना पुन्हा गाठलं, दोनदा विचारून घेतलं, आणि कॉटवर येऊन बसले.

"शेतातलं गाजरगवत उपटतात, तरी दुसऱ्या शेतात उगवतं. का?"

"बी गेलेलं असतं आधीच. पाटाच्या पाण्यानं."

"तसं. गाठ काढली, पण त्याआधीच तिच्यातल्या दोनचार पेशी रक्तात निसटल्या असणार. मणक्याच्या भोवती बारीक शिरांचं जाळं असतं. हातापायांच्या शिरांत झडपा असतात, रक्त मागं फिरत नाही. ह्या जाळ्यात झडपा नाहीत. खोकलीस, वाकलीस की रक्त कधी पुढं, कधी मागं. संथ."

"संथ पाण्यात बी तळाला बसतं," मालन म्हणाली.

"बसतं. आणि मणक्याच्या आत मऊ गर असतो, रक्त तयार होतं तिथं. बियाला तशी जागा मानवते."

"मग सहा वर्षं काय करत होतं?"

"झोपून होतं. का जागं झालं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"आणि हाड खातं?"

"स्वतः नाही खात. आपल्या हाडाचं कायम काम चालू असतं. जुनं पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं बांधणाऱ्या वेगळ्या. जेवढं पाडलं तेवढं बांधलं, असा त्यांचा मेळ असतो. हे येऊन पाडणाऱ्यांना कामाला लावतं. पाडा, आणखी पाडा. बांधणारे मागं पडतात. आणि पाडलेल्या हाडातनं जे निघतं त्यावर हे आणखी वाढतं."

"म्हणजे माझ्याच घरातले गडी फितूर झाले."

"फितूर नाही. त्यांना मालकाच्या नावानं खोटा हुकूम गेला. ते बिचारे कामच करतायत."

ती छताकडं बघत होती. मग हळू विचारलं, "मी कांडी भरत राहिले म्हणून झालं?"

"नाही."

"सांगितलं नाही म्हणून?"

खोटं सांगता आलं असतं. पण पोरगी प्रश्न विचारते तेव्हा तिला खरंच उत्तर हवं असतं. "न सांगितल्यानं उशीर झाला. पण ते आलं, ते तुझ्या करण्यानं आलं नाही."

"जाईल?"

"जाणार नाही. काही काळ आवरून धरता येईल. पाय बहुतेक वाचतील."

तिनं मान वळवून माझं तोंड नीट न्याहाळलं. "बरं ठेवलंयस तोंड," म्हणाली आणि डोळे मिटले.

मग ते दिवस. सकाळी शाळा, दुपारी एस.टी.नं मिरज, बाकावर बसून वाट बघणं, स्ट्रेचरमागं चालणं, परत येऊन पोरांच्या वह्या. आपण कशानं दमलोय तेही आठवेनासं झालं. दाजी मात्र तिथंच राहिले. रोज सकाळी कंगव्याचं टोक मालनच्या तळव्यावरनं फिरवायचे.

"कळतंय?"

"नाही."

"आता?"

"अहो, कळलं की ओरडीन मी. सारखं काय?"

एके दिवशी मी पोचले तर दाजी जिन्यात उभे होते. म्हणाले, "आज शिवी दिली तिनं. कंगवा लागला म्हणून." आणि डोळे पुसत खाली चहा आणायला गेले. त्यानंतर आठवड्याभरात पाठीचं दुखणं उतरत गेलं आणि मालन पाठ टेकून झोपली. डावं पाऊल पुरतं सावरलं नाही, पण पाठीला कडक पट्टा आणि हातात वॉकर घेऊन ती उभी राहिली, चालली.

पुढं जे व्हायचं ते झालंच, दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. पण ती घरी आली त्याच आठवड्यातला एक दिवस माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे.

दुपारी शाळेतनं थेट तिच्याकडं गेले होते. खांद्याला वार्षिक परीक्षेच्या पेपरांची पिशवी. खोलीत माणसं बसलेली. पारूबाईनं शहाळं आणलं होतं आणि ते मांडीवर धरून बसली होती. शिवा जॉबर दाराशी, हात बांधून. कुणी बोलत नव्हतं. बोलले तर कानात बोलल्यासारखं. मालन खुर्चीत पट्टा बांधून ताठ बसलेली.

"पाणी देते तुम्हाला," मालन वॉकरकडं हात नेत म्हणाली.

"नको गं बाई! तू बस," पारूबाई म्हणाली.

"तू बस," दाजी म्हणाले.

शिवानंही मान हलवली. मालननं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. तिचा चेहरा मी बघितला. पाहुण्यांच्या घरी बसल्यावर माणूस करतो तसा, कुणाला त्रास नको असा, झाला होता.

मी पिशवी खाली ठेवली. "मालन, चहा टाक. सगळ्यांना."

"बाई!" पारूबाई म्हणाली. "अहो, काय बोलताय?"

दाजी उठायला लागले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा दाजी. शाळेतनं आलेय मी, डोकं चढलंय. मला हिच्या हातचा चहा हवाय."

मालननं माझ्याकडं बघितलं. मग वॉकर पुढं ओढला.

वॉकर टेकायचा, एक पाय पडायचा, दुसरा फरपटत यायचा. खोली तेवढीशी, पण स्वयंपाकघराचा उंबरा यायला फार वेळ लागला. उंबऱ्याशी ती थांबली. दाजी उठायला बघत होते, मी हात काढला नाही. वॉकर पलीकडं गेला. मग भांड्याचा आवाज. काडी ओढल्याचा. पहिली विझली असावी, दुसरी ओढली.

कुणी बोलेना. पण चहाला वेळ लागतो आणि नुसतं बसून माणूस कंटाळतो. शिवा हळूच पारूबाईला म्हणाला, "तुमच्या मागाचा पट्टा पुन्हा तुटला म्हणं."

"तू बसवलेला दुसऱ्या दिवशी टिकतोय होय?"

"मी बसवलेला? अहो, तो तुमच्या पोरानं..."

"शिवा," आतनं मालनचा आवाज आला, "मी आत गेले म्हणून तोंड सुटलं काय तुझं? मघाशी मौनात होतास."

शिवा दचकला, आणि मग मोठ्यानं हसला. पारूबाईनं शहाळं मांडीवरनं खाली ठेवलं.

"कप ज्यानं त्यानं येऊन न्यायचे. माझे दोन्ही हात वॉकरला आहेत."

शिवा आत जाऊन कप घेऊन आला. पारूबाई एक घोट घेऊन म्हणाली, "झकास झालाय." शिवा म्हणाला, "फस्टक्लास." दाजींनी नुसती मान डोलावली.

मी घोट घेतला.

"साखर विसरलीस," मी म्हणाले.

पारूबाईनं माझ्याकडं असं बघितलं की बस्स. मग आतनं आवाज आला, "मग स्वतःच्या घरी जाऊन पी. आणि जाताना कप धुऊन ठेव, माझ्या अंगावर टाकू नकोस."

मी बिनसाखरेचा चहा पिऊन कप धुऊन ठेवला.